प्रतिज्ञेपासून सोबतीपर्यंत
(मराठी मुलुखातील व्यसनमुक्ती-कार्याचा एक मागोवा)

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत मंगल विषयांवर लिहावे असा प्रघात आहे. मंडळाची जडणघडण, गणेशोत्सवातील नाटके, हळदीकुंकवाचे समारंभ, गुढीपाडव्याची स्नेहसंमेलने यांविषयी अधिकारी व्यक्तींचे लेख या अंकात वाचकांना वाचावयास मिळतीलच. त्या पंक्तीत आमचा विषय किंचित विजोड दिसेल. परंतु ज्या घराने पन्नास वर्षे संसार केला, त्याने सणाच्या दिवशी ओसरीवरच्या गोष्टींबरोबर एखादी माजघरातली गोष्टही बोलावी, असे आम्हांस वाटते.

म्हैसूरच्या चामराजपुरममध्ये पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली मराठी कुटुंबे आहेत. अन्नतंत्र संशोधन संस्था, भारतीय भाषा संस्थान यांसारख्या केंद्रीय संस्थांत किंवा आमच्याप्रमाणे इतर केंद्रीय कार्यालयांत बदलीवर येऊन येथेच रमलेलीही आहेत. या दोन्ही प्रकारच्या घरांत एक भाषा समान आहे. 'पोटाचा विकार', 'यकृताची तक्रार', 'हल्ली त्यांना बरे नसते' ही ती भाषा होय. नंजनगूडकडे जाणारी गाडी चामराजपुरमच्या लहानशा स्थानकावर क्षणभर थांबून पुढे जाते, तसे आपण या शब्दांपाशी क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. त्या शब्दांआड पुष्कळदा दारूचे व्यसन असते, हे ऐकणाऱ्यास कळते आणि सांगणाऱ्यासही ठाऊक असते की ते कळले आहे.

हे दुःख केवळ आपल्या गल्लीचे नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात मद्य घेणारे सुमारे १६ कोटी आहेत आणि त्यांपैकी ५.७ कोटी लोकांना मद्यामुळे होणाऱ्या हानीसाठी साहाय्याची गरज आहे. याहून बोलका आकडा पुढेच आहे. मद्यावर पूर्णतः अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे केवळ एकालाच कसलातरी उपचार मिळतो. उरलेले ३७ जण कोठे असतात? ते घरी असतात, कचेरीत असतात, आणि 'पोटाच्या विकारा'ने आजारी असतात.

या ३७ जणांपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न मराठी समाजाने गेल्या दीडशे वर्षांत कसकसा केला, त्याचा मागोवा घेण्याचा हा अल्प यत्न आहे.

प्रतिज्ञा आणि निरोधन

पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढू देण्यास लेखी विरोध केला. अबकारी उत्पन्नाच्या मोहाने सरकारच गुत्त्यांना परवाने देत आहे आणि त्यात गरिबाचे घर बुडते आहे, ही त्यांची व्यथा होती. पुढे १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना हात जोडून परत फिरवू लागले. त्या चळवळीत स्वराज्याचे राजकारण होते आणि समाजाच्या शुद्धीची तळमळही होती. खेड्यापाड्यांत गाडगे महाराजांनी हातातल्या खराट्याइतक्याच सहजतेने कीर्तनातून दारूवर प्रहार केले. १९५६ साली त्यांचे देहावसान होईपर्यंत ते काम अखंड चालू होते.

या सर्व थोर पुरुषांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. त्यांचा सारा भर माणसाने व्यसनाकडे वळू नये, यावर होता. जो आधीच वळला, रुतला, आणि ज्याचे हात सकाळी पेला घेतल्यावाचून थरथरायचे थांबत नाहीत, त्याला सांगण्यासारखे त्यांच्यापाशी एकच होते : शपथ घे आणि सोड. शपथ मोडली की दोष त्याच्या इच्छाशक्तीचा.

या शपथेचे पुढे काय होते, ते राम गणेश गडकरी यांनी 'एकच प्याला'त दाखविले. गडकरी १९१९ च्या जानेवारीत निवर्तले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. आपल्यापैकी बहुतेकांना त्यातील सिंधूचे अश्रू आठवतात, तळीरामाचे विनोद आठवतात. आमच्या मते त्या नाटकातील सर्वांत करुण स्थळ निराळेच आहे. दारू सोडण्याचा निश्चय करून सुधाकर नव्याने जगू पाहतो, काम मागण्यासाठी प्रतिष्ठितांच्या दारी जातो, आणि तेथे त्याला पुन्हा उभे राहण्यापुरतीही जागा मिळत नाही. पहिला प्याला त्याला मित्राने दिला असेल. परंतु निश्चयानंतरचा प्याला त्याच्या हाती देण्यास समाजाच्या बंद दारांचा हातभार लागला. गडकऱ्यांना वैद्यकशास्त्र शिकविलेले नव्हते. तरीही व्यसनमुक्तीचा खरा प्रश्न दारू सोडण्याच्या क्षणी संपत नाही, त्या क्षणानंतर सुरू होतो, हे त्यांच्या प्रतिभेने शंभर वर्षांपूर्वीच हेरले होते.

कायद्याचे बळ

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ सालचा. त्या काळी परवान्याच्या पुस्तिका, हातभट्ट्या आणि पोलिसांच्या धाडी यांच्या कथा मुंबईत घरोघरी सांगितल्या जात. पुढे ती बंदी हळूहळू शिथिल होत गेली. महाराष्ट्रात लोकांच्या मागणीतून जिल्हाव्यापी दारूबंदी आली ती गडचिरोलीत, १९९३ साली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या पुढाकाराने आदिवासी स्त्रीपुरुषांनी त्यासाठी काही वर्षे आंदोलन केले होते. २०१६ पासून तेथे 'मुक्तिपथ' हा उपक्रम चालविला जात असून गावसंघटना आणि व्यसनी माणसावरील उपचार यांची त्यात सांगड घातलेली आहे.

ही सांगड महत्त्वाची आहे. आमची सारी हयात सरकारी नियमांच्या सहवासात गेली असल्याने कायद्याचे मोल आम्ही कमी लेखणार नाही. कायदा दुकान बंद करू शकतो आणि त्यायोगे पुढच्या पिढीचे पुष्कळसे रक्षणही करू शकतो. परंतु दुकान बंद झाले त्या रात्री ज्याला घाम फुटतो, झोप येत नाही, भास होऊ लागतात, त्याच्या उशाशी कायदा बसू शकत नाही.

व्यसनी माणूस हा रुग्ण होय

त्याच्या उशाशी बसणारा माणूस मिळाला तो एका निराळ्याच वाटेने. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी बिल विल्सन हा दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यविशारद, दोघेही दारूने उद्ध्वस्त झालेले, एकमेकांशी मोकळेपणाने बोलले. उपदेशाने जे साधले नव्हते ते समदुःखी माणसाच्या बोलण्याने साधले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' ही चळवळ जन्मास आली. तिला वर्गणी नाही, आडनाव सांगण्याची सक्ती नाही, आणि प्रतिज्ञेची मुदत असते ती एका दिवसाची. जन्मभराचे ओझे न उचलता फक्त आज प्यायचे नाही, एवढेच. एकादशी करणाऱ्या आपल्या समाजाला ही युक्ती परकी वाटण्याचे कारण नाही. भारतातही या चळवळीच्या सभा भरतात, आणि मुंबई-पुण्याकडे त्या मराठीतून चालतात.

वैद्यकशास्त्रही त्याच सुमारास पुढे सरकत होते. दारू घेतल्यास शरीरास असह्य त्रास व्हावा, असे डायसल्फिराम हे औषध डेन्मार्कमधील संशोधकांनी १९४८ साली प्रचारात आणले. मद्यासक्ती हा आजार आहे, असे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ साली मान्य केले. मेंदूला सवय झालेले मद्य एकाएकी थांबविल्यास कंप सुटतो, झटके येतात, क्वचित् प्राणावरही बेतते. म्हणून ते थांबविणे वैद्याच्या देखरेखीखालीच व्हावे, हे सर्वमान्य झाले. आपल्या देशात १९८० साली मद्रासला शांती रंगनाथन यांच्या पुढाकाराने टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानाचे केंद्र निघाले. १९८१ साली मुंबईत वांद्रे येथे फादर जो परेरा यांनी 'कृपा' ही संस्था सुरू केली. फादर स्वतः मद्यासक्तीतून बाहेर आलेले आणि पुण्याच्या योगाचार्य बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. चर्चमधील धर्मगुरू, बारा पायऱ्यांचा अमेरिकन कार्यक्रम आणि योगासने यांचा असा त्रिवेणी संगम वांद्र्याच्या भूमीवरच व्हावा!

मुक्तांगण

मराठी माणसाच्या मनात मात्र व्यसनमुक्ती म्हटले की एकच नाव उमटते, आणि ते पुण्याच्या 'मुक्तांगण'चे.

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात 'गर्द' या नावाने ब्राउन शुगरचे विष पसरले. शाळाकॉलेजांतली, सुस्थित घरांतली मुले त्याच्या विळख्यात सापडू लागली. अमली पदार्थांविषयीचा कडक केंद्रीय कायदा १९८५ सालचा, तो याच काळातला. डॉ. अनिल अवचट हे शिक्षणाने वैद्य आणि वृत्तीने लेखक. त्यांनी या मुलांमध्ये बसून, त्यांच्या घरच्यांशी बोलून जे लिहिले ते पुढे 'गर्द' या पुस्तकात आले. ते लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. उभ्या महाराष्ट्राला हसविणाऱ्या या दांपत्याने आपल्या प्रतिष्ठानातर्फे आर्थिक पाठबळ देऊ केले, आणि अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, ज्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या, त्यांनी कामाची धुरा उचलली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्या रुग्णालयाच्या आवारातच मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले.

लेखकाची लेखणी, कलावंताचे धन, सरकारी रुग्णालयाची जागा आणि एका स्त्रीची जिद्द अशा चार गोष्टी एकत्र आल्या, हे या संस्थेच्या जन्माचे वैशिष्ट्य होय. सरकारी आवारात बिगरसरकारी काम चालविणे किती कठीण, हे आमच्यासारख्या नोकरशाहीतील माणसास निराळे सांगावे लागत नाही. म्हणूनच अनिताबाईंविषयी आमच्या मनात विशेष आदर आहे. १९९७ साली कर्करोगाने त्यांचा अंत झाला. त्यानंतरही काम थांबले नाही. त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ती धुरा सांभाळली. २०२२ च्या जानेवारीत डॉ. अनिल अवचटही गेले.

मुक्तांगणमधील उपचाराची रीत समजून घेण्यासारखी आहे. रुग्ण साधारण पाच आठवडे तेथे राहतो. प्रारंभीचे दिवस शरीरातील विष उतरविण्याचे. तेथे औषधे आणि वैद्य यांचे काम. त्यानंतर योग, प्राणायाम, गटचर्चा, व्यक्तिगत समुपदेशन आणि श्रम. वॉर्डाची स्वच्छता आणि दिनक्रमाची शिस्त यांची जबाबदारी रुग्णच वाहतात. ज्या माणसाकडे घरी कोणी दहा रुपये विश्वासाने देईना, त्याच्याकडे तेथे जबाबदारीचे काम दिले जाते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, सांभाळणारे बरेचसे कार्यकर्ते स्वतः कधीकाळी तेथेच रुग्ण म्हणून आलेले असतात. नव्याने आलेला रुग्ण 'तुम्हांला काय कळणार!' असे म्हणू लागला की समोरच्याला ते खरोखरच कळत असते. ॲक्रनमध्ये दोन माणसांच्या संभाषणात जे घडले, तेच येरवड्यात एका संस्थेची रीत झाले.

येथवरचे अर्धे काम. उरलेले अर्धे फाटकाबाहेर असते. घरी परतलेल्या रुग्णाने ठरलेल्या दिवशी येऊन भेटावे, यास तेथे 'पाठपुरावा' म्हणतात. त्यासाठी निरनिराळ्या गावी केंद्रे चालतात. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. वर्षानुवर्षे मार खाल्लेली, कर्ज फेडलेली, शेजाऱ्यांपासून तोंड लपविलेली स्त्री तेथे प्रथमच आपल्यासारख्या दुसरीला पाहते. नवरा सुधारला म्हणून तिच्या मनातील भीती त्याच दिवशी सुधारत नाही. तिलाही उपचार लागतो, हे ओळखणे ही मुक्तांगणची मोठी देणगी होय. व्यसनी स्त्रियांसाठी पुढे 'निशिगंध' हा स्वतंत्र विभागही निघाला. आणि व्यसन सोडल्याच्या तारखेस तेथे वाढदिवस साजरा होतो. पन्नाशीचा गृहस्थ त्या दिवशी एक वर्षाचा होतो, कुटुंबासमोर त्याचा सत्कार होतो. सिंधूच्या नशिबी जो दिवस कधी आला नाही, तो येथे अनेकींनी पाहिला आहे.

मुक्तांगणच्या वाटेवर इतरही चालले. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन' ही संस्था उभारली. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या आणि २०१३ साली त्याच लढ्यात बळी पडलेल्या या पुरुषाचे व्यसनमुक्तीचे काम तुलनेने कमी लोकांस ठाऊक आहे, म्हणून त्याचा येथे मुद्दाम उल्लेख केला.

आमच्या या भूमीत

आता महाराष्ट्र सोडून आपण राहतो त्या भूमीकडे वळू. म्हैसूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर बेंगळूरुला 'निमहान्स' ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. १९७४ साली तिला आजचे रूप आले आणि व्यसनचिकित्सेसाठी तेथे स्वतंत्र केंद्र आहे. दुसरीकडे धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेग्गडे यांच्या प्रेरणेने कर्नाटकाच्या खेडोपाडी मद्यवर्जन शिबिरे भरतात. गावातील शाळेत किंवा सभागृहात आठवडाभर माणसे राहतात, गावकरी त्यांच्या जेवणाखाणाची व्यवस्था पाहतात, आणि शिबिर संपल्यावर 'नवजीवन समिती'च्या रूपाने ती पुन्हापुन्हा भेटत राहतात. पुण्याच्या 'पाठपुराव्या'ची आणि या समित्यांची जात एकच, हे सहज ध्यानात येईल. भाषा दोन, अनुभव एक.

तथापि भाषेचा प्रश्न उरतोच. ताप आला तर माणूस कोणत्याही भाषेत औषध घेतो. व्यसनमुक्तीचा उपचार मात्र बोलण्याचा आहे, आणि लाज, पश्चात्ताप, आईची आठवण या गोष्टी माणूस सहसा आईच्याच भाषेत बोलतो. आपल्यातील जुन्या घरांतील मंडळी बाहेर अस्खलित कन्नड बोलतात. परंतु मन भरून आले की जुन्या वळणाची मराठीच त्यांच्या तोंडी येते. नोकरीनिमित्त आलेल्यांचे तर विचारावयासच नको. बेंगळूरुच्या तज्ज्ञाने औषध दिले, निदान केले, तरी दर आठवड्याला बसून बोलण्यासाठी आपल्या भाषेचे माणूस जवळपास असावे लागते. हे काम कोणतेही रुग्णालय करू शकत नाही. मंडळ करू शकते.

शासनाचे साहाय्य नाही असे नाही. केंद्र सरकार अशा स्वयंसेवी केंद्रांना १९८० च्या दशकापासून अनुदान देत आले आहे. २०२० च्या १५ ऑगस्टला 'नशामुक्त भारत अभियान' सुरू झाले, आणि १४४४६ या क्रमांकावर निःशुल्क दूरध्वनी-साहाय्य मिळते. वाचकांनी हा क्रमांक टिपून ठेवावा. परंतु सरकारी कागदांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ठाऊक असते की तपासणीच्या तक्त्यात खाटांची संख्या लिहिता येते, कर्मचाऱ्यांची हजेरी लिहिता येते, खर्चाचा हिशेब लिहिता येतो. बरा होऊन परतलेल्या माणसाला शेजाऱ्याने चहाला बोलावले काय, याचा रकाना त्यात नसतो. आणि दीडशे वर्षांचा हा इतिहास सांगतो तो असा की, निर्णय बहुधा त्याच रकान्यात होतो.

मंडळापुढील एक विचार

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळापुढे तीन अल्पशा सूचना ठेवण्याचे धाडस आम्ही करतो. आठवड्यातून एक संध्याकाळ मंडळाची एक खोली अशा बोलण्यासाठी मोकळी असावी. तेथे कोण आले, काय बोलले, याची नोंद होऊ नये. दुसरे, उपचारासाठी बेंगळूरुस किंवा पुण्यास जाणाऱ्या कुटुंबाबरोबर प्रवासात सोबत करणारी दोन-चार माणसे मंडळाने ठरवून ठेवावीत. पहिल्या प्रवासाला निघणारी पत्नी बहुधा एकटी असते. तिसरी सूचना सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत अवघड आहे. जो बरा होऊन आला त्याच्याकडे काम द्यावे. गणेशोत्सवात मखराचे असो, पंगतीत वाढण्याचे असो, वर्गणीच्या पावत्यांचे असो. 'आता यांना कशाला त्रास' असे म्हणून त्याला सन्मानाने कोपऱ्यात बसवू नये. तो पुन्हा घसरला तरी दार लावू नये. घसरणे हा या आजाराचाच एक भाग आहे, असे या क्षेत्रातील जाणकार सांगतात.

यासाठी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही, पदवी तर नाहीच नाही. फुल्यांनी परवान्यास विरोध केला, टिळकांचे स्वयंसेवक दुकानासमोर उभे राहिले, गाडगेबाबांनी कीर्तने केली, अवचट दांपत्याने रुग्णाच्या शेजारी बैठक मारली. प्रत्येक पिढी व्यसनी माणसाच्या एकेक पाऊल जवळ सरकत आली, असे या इतिहासाचे आमच्या अल्पमतीस दिसलेले सार आहे. पुढचे पाऊल आपल्या उंबरठ्याच्या आतले आहे.

परमुलुखात पन्नास वर्षे मराठीचा दिवा तेवत ठेवणाऱ्या आमच्या मंडळास ते कठीण जाऊ नये. हीरकमहोत्सवाच्या स्मरणिकेत आपल्यापैकीच कोणी आपल्या नवजीवनाचा दहावा वाढदिवस झाल्याचे स्वतःच्या नावाने लिहावे, आणि वाचणाऱ्याने 'पोटाचा विकार' हा शब्द केवळ पोटाच्या विकारासाठीच वापरावा, एवढीच सदिच्छा व्यक्त करून आम्ही वाचकांची रजा घेतो.